चलान सगळ्यांना सारखे, मग शिक्षा सारखी का नाही?

चौकात शिट्टी वाजते. हात आडवा होतो. गाडी बाजूला लागते, किल्ली काढून घेतली जाते. "लायसन दाखव. पीयूसी आहे का? इन्शुरन्स?" वस्तीतल्या पोराची दुचाकी हप्त्यावर घेतलेली असते. त्याच गाडीवर तो दिवसभर पार्सल पोहोचवतो आणि रात्री घरी चार पैसे देतो. एका चलानात त्याची दोन-तीन दिवसांची कमाई जाते. शेजारून काळ्या काचांची मोठी गाडी सिग्नल तोडून निघून जाते. तिचेही चलान मोबाईलवर येते, पण ते भरणाऱ्याच्या घरी त्या रात्री भाजी कमी शिजत नाही.

हा राग आम्ही रोज ऐकतो. त्यावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "पोलिस लुटतात." दुसरा म्हणतो, "नियम पाळा म्हणजे दंड होणार नाही." आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्यात नुसता संताप आहे आणि दुसऱ्यात इतिहासाचे अज्ञान. रस्त्यावर कुणाला अडवायचे आणि किंमत कुणाकडून वसूल करायची, हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. आपल्या समाजाला तर तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

दुप्पट भाडे आणि टोलनाक्यावरचे पाणी

१९०१ सालची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. लहानगे भीमराव घरच्या मुलांसोबत वडिलांना भेटायला निघाले होते. मसूर स्टेशनवर ते उतरले, पण न्यायला कुणी आले नाही. चांगले कपडे पाहून स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. 'महार' हा शब्द कानावर पडताच तो मागे सरला. बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान न्यायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली: भाडे दुप्पट द्यायचे, आणि गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवान बाजूने पायी चालणार.

हा दुप्पट दर कोणत्याही सरकारी दरपत्रकात नव्हता. तो जातीचा दर होता. रात्री टोलनाका लागला. गाडीवानाच्या सल्ल्यावरून मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, तरी नाकेदाराने झिडकारले. पोरे तहानलेलीच झोपली.

१९२९ साली हाच अनुभव चाळीसगावात पुन्हा आला. तोपर्यंत ते बॅरिस्टर झाले होते आणि अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. तरीही एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार झाला नाही. वस्तीतल्या लोकांनी टांगा तेवढा भाड्याने मिळवला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याला टांगा हाकायचा सराव नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले, त्यांच्या पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत पडले. आज असा प्रसंग घडला तर अहवालात 'चालकाची चूक' एवढेच लिहिले जाईल. टांगेवाल्यांनी नकार का दिला, हा रकाना अहवालात नसतोच.

हे फक्त महाराष्ट्रात घडले असे नाही. त्रावणकोरमध्ये पुलया समाजाला सार्वजनिक रस्त्यावर मज्जाव होता. १८९३ मध्ये अय्यनकाळींनी बैलगाडी विकत घेतली, नेटके कपडे घातले आणि त्याच रस्त्यावरून ती हाकत नेली. १९२४ मध्ये वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला, तोही मंदिरात शिरण्यासाठी नव्हे, तर मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी. १९२५ च्या तडजोडीत तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेकडचा बंदच राहिला. म्हणून रस्त्यावरून निर्धोक जाणे ही आपल्यासाठी निव्वळ सोय नाही. तो लढून मिळवलेला हक्क आहे.

दंडाचे दुसरे रूप: अमेरिका

आपल्याकडे रस्ता रूढीने अडवला. अमेरिकेत तेच काम कायद्याच्या भाषेत झाले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा तो इतिहास आपल्याला परका नाही.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने 'भटकेपणा'चा कायदा केला. हाताला काम नसलेल्या मुक्त काळ्या माणसाला ५० डॉलरपर्यंत दंड ठेवला. पाच दिवसांत दंड भरला नाही तर शेरीफने त्याला भाड्याने द्यायचे, जो दंड भरेल त्याच्याकडे राबायला. म्हणजे कालचा मालक आज दंड भरून तोच मजूर पुन्हा शेतावर नेऊ शकत होता. कागदावर ती गुलामी नव्हती, दंडाची वसुली होती. दंड हे सत्तेचे किती सोयीचे हत्यार आहे, ते इथे उघडे पडते.

आता १९५५ च्या डिसेंबरमध्ये, मॉन्टगोमेरी शहरात या. रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि काळ्या समाजाने बसवर बहिष्कार घातला. मग कामावर जायचे कसे? काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये, लोकांना न्यायला सुरुवात केली. प्रशासनाने जुना नियम बाहेर काढला: टॅक्सीचे किमान भाडे ४५ सेंट, त्याहून कमी घेतले तर कारवाई. नियम सर्वांना सारखाच होता, पण त्याची आठवण नेमकी तेव्हाच झाली.

लोकांनी हार मानली नाही. आपापल्या मोटारी आळीपाळीने चालवून शेकडो गाड्यांची व्यवस्था उभी केली. मग पोलिस या गाड्यांच्या मागे लागले. बारीकसारीक कारणांवरून चलाने फाटू लागली. २६ जानेवारी १९५६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. गुन्हा काय? ताशी २५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशी ३० मैल वेगाने गाडी चालवली! त्यासाठी त्यांना थेट तुरुंगात नेले. पुढे गाड्यांचे विमे रद्द होऊ लागले. नोव्हेंबरमध्ये परवान्याशिवाय वाहतूक करत असल्याचा मुद्दा काढून न्यायालयाकडून या गाड्यांवर बंदी आणली. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. ३८१ दिवस चाललेला बहिष्कार जिंकला.

परवाना, विमा, भाडे, वेगमर्यादा. या यादीतला एकही शब्द जातीचा किंवा वर्णाचा नाही. वाहतुकीचे साधे नियम आहेत सगळे. पण कुणावर आणि कधी चालवायचे हे ज्याच्या हातात असते, त्याच्या हातात त्यांचे हत्यार होते.

फर्ग्युसन: दंडावर चालणारे शहर

"हे जुने झाले" असे कुणी म्हणेल. मग २०१५ पाहा. मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल ब्राउन हा काळा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला आणि लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर अमेरिकेच्या न्याय विभागाने त्या पोलिस दलाची चौकशी केली. मार्च २०१५ चा तो अहवाल म्हणजे दंडाच्या राजकारणाचे पाठ्यपुस्तकच आहे.

शहरात काळी लोकसंख्या ६७ टक्के होती. थांबवलेल्या वाहनचालकांत काळे ८५ टक्के, चलान झालेल्यांत ९० टक्के, अटक झालेल्यांत ९३ टक्के. काळ्या चालकांच्या गाडीची झडती गोऱ्यांच्या तुलनेत दुपटीहून जास्त शक्यतेने घेतली जाई. पण बेकायदा वस्तू मात्र त्यांच्याकडे कमी वेळा सापडत.

असे का होत होते? २०१५ च्या आर्थिक वर्षात सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलरच्या सर्वसाधारण निधीपैकी जवळपास ३१ लाख डॉलर दंड आणि शुल्कातून येतील, असे नगरपालिकेने गृहीत धरले होते. जवळजवळ चौथा हिस्सा! शहराचे अर्थखाते पोलिसप्रमुखांना चलाने वाढवायला सांगत होते. सुरक्षेचे खाते वसुलीचे खाते झाले होते.

त्या अहवालात एका काळ्या बाईची हकिगत आहे. २००७ मध्ये तिने एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. दंड १५१ डॉलर, अधिक शुल्क. ती गरीब होती, अधूनमधून बेघर होती. तारखा चुकल्या, हप्ते चुकले. प्रत्येक चुकीला नवे शुल्क आणि नवे वॉरंट. दोनदा अटक, सहा दिवस तुरुंग. डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि तरीही ५४१ डॉलर बाकी होते! दंड भरण्याची ऐपत नाही म्हणून चौकशीशिवाय तुरुंगात टाकता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितले होते. निकाल वर दिल्लीसारख्या ठिकाणी असतो, माणूस मात्र खाली चौकात सापडतो.

अहवालाचा परिणाम झाला. मिसूरीने २०१५ मध्येच कायदा करून वाहतूक दंडातून गावांना मिळणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा ३० टक्क्यांवरून २० वर आणली. हे कशामुळे घडले? लोक रस्त्यावर उतरले म्हणून, आणि आकडे हातात होते म्हणून. दोन्ही लागतात.

आपल्याकडचे आकडे कुठे आहेत?

आपल्याकडे १ सप्टेंबर २०१९ पासून सुधारित मोटार वाहन कायद्याचे नवे दंड लागू झाले. हेल्मेट नसल्यास १०० चे १००० रुपये, परवान्याशिवाय गाडी चालवल्यास ५०० चे ५००० रुपये. इतका गदारोळ झाला की गुजरातने काही रकमा त्याच महिन्यात कमी केल्या, तर महाराष्ट्राने अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पर्यंत लांबवली.

इथे कुणी म्हणेल, "मग काय, हेल्मेट न घालता फिरायचे?" अजिबात नाही. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. दुचाकीवर कोण असते? कष्टकरीच असतो. हेल्मेट आपल्या पोरांचा जीव वाचवते, म्हणून ते घालायचेच. आम्ही संविधान मानणारी माणसे आहोत, नियम मोडणे हा आमचा कार्यक्रम नाही. नियमात समता आणणे हा आहे.

एक व्यक्ती, एक मूल्य हे तत्त्व बाबासाहेबांनी आपल्याला दिले. हजार रुपये ही रक्कम सर्वांना सारखी दिसते. पण रोज पाचशे कमावणाऱ्याचे त्यात दोन दिवस जातात आणि लाखात पगार घेणाऱ्याची दोन-तीन तासांची कमाई. शिक्षा रकमेत मोजायची की त्या रकमेने हिरावलेल्या दिवसांत? फिनलंडने याचे उत्तर १९२१ मध्येच दिले. तिथे गंभीर वेगभंगाचा दंड उत्पन्नावर ठरतो. २००२ मध्ये नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला ५० च्या रस्त्यावर ७५ च्या वेगाने मोटारसायकल चालवल्याबद्दल १ लाख १६ हजार युरो दंड झाला. पुढे त्याचे उत्पन्न घटल्याचे सिद्ध झाले, तेव्हा दंडही कमी केला गेला. श्रीमंताला लागू पडलेला हा न्याय गरिबाला का नको?

आणि आकड्यांचे काय? आपल्या तुरुंगांत अनुसूचित जाती-जमातींचे कैदी किती, हे सरकार दरवर्षी छापते. पण नाक्यावर कुणाला थांबवले, कोणत्या वस्तीच्या तोंडाशी रोज नाकाबंदी लागते, याचा तसा हिशेब कुठे छापला जातो? फर्ग्युसनचे सत्य बाहेर आले, कारण थांबवलेल्या चालकाचा वर्ण नोंदवणे तिथे बंधनकारक होते. आपल्याकडे नोंद नाही, म्हणून भेदभावही नाही, असे म्हणायला व्यवस्था मोकळी!

म्हणून मित्रांनो, चौकात हवालदाराशी हुज्जत घालण्यात ताकद वाया घालवू नका. तोही बहुधा आपल्यासारख्याच घरातला, वरून आलेला आकडा पुरा करणारा माणूस असतो. आपले काम वेगळे आहे. डिजिलॉकरमध्ये कागदपत्रे ठेवा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. चिरीमिरी देऊन सुटलेला माणूस पुढच्या माणसाला अडकवून जातो. थकलेली चलाने लोकअदालतीत घेऊन जा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, तो वापरा.

आणि प्रत्येक शहरात चार कार्यकर्त्यांनी मिळून माहितीचा अधिकार वापरून एक अर्ज करा: आपल्या भागातल्या प्रत्येक चौकात वर्षभरात किती चलाने झाली, कोणत्या वाहनांची, किती रकमेची, आणि तो पैसा कुठे गेला? उत्तर आले की वस्तीचा चौक आणि बंगल्यांचा चौक शेजारी शेजारी मांडा.

१९०१ मध्ये दुप्पट भाडे देणाऱ्या त्या मुलाने पुढे ते लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे. आपणही लिहून ठेवू या. हिशेब मागणारा समाज फार काळ दुप्पट दर भरत नाही.

जय भीम! जय संविधान!