रामसे बंधूंचे भयपट

रामसे बंधूंचे भयपट ही संज्ञा मुंबईतील रामसे कुटुंबाने प्रामुख्याने १९७२ ते १९९० या काळात निर्माण केलेल्या अल्पखर्ची हिंदी भय-साहसपटांसाठी वापरली जाते. जुना वाडा, तळघर, उद्ध्वस्त मंदिर, काळी विद्या जाणणारा मांत्रिक, पूर्वजांना मिळालेला शाप आणि अखेरीस दुष्ट शक्तीविरुद्ध उभे राहणारे तरुण ही या चित्रपटांची ठळक वैशिष्ट्ये होत. मोठ्या नटांशिवाय व मर्यादित साधनांत तयार झालेल्या या चित्रपटांनी हिंदी चित्रपटसृष्टीत भयपट हा स्वतंत्र प्रकार रुजवला. पुराना मंदिर (१९८४), तहखाना (१९८६), वीराना (१९८८) आणि बंद दरवाजा (१९९०) हे त्यांतील विशेष गाजलेले चित्रपट आहेत.

पार्श्वभूमी

कुटुंबप्रमुख फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओ व विद्युत उपकरणांचे दुकान होते. इंग्रज ग्राहकांना उच्चारायला सोपे जावे म्हणून आडनावाचे ‘रामसे’ असे संक्षिप्त रूप रूढ झाले. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रस्त्यावर त्यांनी पुन्हा दुकान थाटले. पुढे फतेहचंद चित्रपटनिर्मितीकडे वळले.

त्यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांत भयाचा अंश नव्हता. १९६३ साली प्रदर्शित झालेला रुस्तम सोहराब हा शाहनाम्यातील कथेवर आधारलेला पोशाखी साहसपट होता. पृथ्वीराज कपूर व सुरैया यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या आणि दिग्दर्शन ‘रणांगण’ या कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर यांचे होते. १९७० सालचा एक नन्ही मुन्नी लडकी थी हा चित्रपट तिकीटबारीवर अपयशी ठरला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करतात तो प्रसंग प्रेक्षकांना आवडल्याचे फतेहचंद यांच्या मुलांच्या लक्षात आले. एका प्रसंगाने प्रेक्षक खिळून राहत असतील, तर संपूर्ण चित्रपटच भयाचा का करू नये, असा त्यांचा विचार होता. त्यातून दो गज जमीन के नीचे (१९७२) हा या मालिकेतील पहिला भयपट साकारला.

निर्मितीपद्धती

चित्रपटाची बहुतेक सर्व अंगे घरातल्या घरात सांभाळणे हे रामसे निर्मितीचे वैशिष्ट्य होते. कुमार, गंगू, तुलसी, अर्जुन, श्याम, केशू आणि किरण या सात भावांनी कामे वाटून घेतली होती. कुमार कथा-पटकथा लिहीत. गंगू छायाचित्रण करीत व केशू छायाचित्रण आणि निर्मितीची बाजू पाहत. अर्जुन यांच्याकडे संकलन, तर किरण यांच्याकडे ध्वनी असे. दिग्दर्शनाची जबाबदारी प्रामुख्याने तुलसी व श्याम यांच्यावर होती. घरातील स्त्रियाही स्वयंपाक, वेशभूषा अशा कामांत सहभागी होत. त्यामुळे बाहेरील तंत्रज्ञांचे मानधन वाचे आणि चित्रीकरण थोड्या दिवसांत उरकता येई.

पहिल्या भयपटासाठी संपूर्ण कुटुंब व कलाकार महाबळेश्वरला मुक्कामास गेले होते. भव्य नेपथ्य उभारण्याऐवजी प्रत्यक्ष वाडे, विश्रामगृहे, जंगल आणि धुके यांचा उपयोग करण्याची पद्धत तेथूनच पडली. अंधार, निळा-लाल प्रकाश, धूर आणि करकरणारी दारे यांनी वातावरण निर्माण केले जाई. राक्षसाचे दर्शन शक्य तितके लांबवले जाई. ही प्रेक्षकाची उत्कंठा ताणण्याची युक्ती होती आणि रबरी मुखवट्यातील उणिवा झाकण्याचा उपायही होता.

भूतकाळाची मांडणीही खर्चाशी निगडित होती. राजे, मशाली, तलवारी व पालख्या असलेला भाग सुरुवातीच्या काही मिनिटांत आटोपला जाई आणि उर्वरित चित्रपट समकालीन वेशात घडे. कथेतील निवेदनात हा काळ शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचा सांगितला जात असला, तरी पडद्यावर त्याचे रूप ठराविक कालखंड नसलेल्या मध्ययुगाचे असे.

कथेचा साचा

या मालिकेतील अनेक कथा एका ठराविक क्रमाने पुढे सरकतात. भूतकाळात अघोरी सामर्थ्य असलेली व्यक्ती एखाद्या गावाला किंवा राजघराण्याला छळते. सत्ताधीश तिला देहदंड देतो. मात्र हा दंड अपुरा ठरतो. मरताना ती शाप देते किंवा तिचा अनुयायी तिचे अवशेष जपून ठेवतो. काही काळाने अथवा काही पिढ्यांनंतर त्या घराण्यातील तरुण मुलीवर संकट येते आणि ती, तिचा प्रियकर व मित्र मूळ स्थानी जाऊन जुना हिशेब पूर्ण करतात.

पुराना मंदिर या चित्रपटात हा साचा सर्वांत स्पष्ट दिसतो. राजा हरिमानसिंह याच्या कन्येवर सामरी हा सैतानाचा उपासक हल्ला करतो. पकडला गेल्यावर त्याचा शिरच्छेद होतो. धड जुन्या मंदिराजवळ पुरले जाते आणि शिर पेटीत बंद करून वाड्यात ठेवले जाते. शिर धडापासून वेगळे असेपर्यंत राजाच्या वंशातील स्त्रिया प्रसूतीच्या वेळी मरतील, असा शाप सामरी देतो. दोनशे वर्षांनंतर ठाकूर रणवीरसिंह (प्रदीप कुमार) आपली मुलगी सुमन (आरती गुप्ता) हिच्या प्रेमाला विरोध करतो, तो याच भीतीपोटी. सुमन आणि संजय (मोहनीश बहल) शापाचा उलगडा करण्यासाठी बिजापूरच्या वाड्यात जातात. तेथे शिर मुक्त होऊन सामरी पुन्हा उठतो. अखेरीस त्रिशूळाच्या बळावर त्याला रोखून अग्नीच्या स्वाधीन केले जाते. राजाने शत्रूचे दोन तुकडे केले होते, पण त्याचा नाश केला नव्हता. त्या अर्धवट न्यायाची किंमत पुढील पिढ्यांतील स्त्रियांना मोजावी लागते, हा कथेचा गाभा आहे.

तहखाना चित्रपटात साहसकथेचे घटक अधिक आहेत. वाड्याखालील तळघरात दडवलेले धन, दोन बहिणींच्या लॉकेटांत विभागलेला नकाशा आणि काळ्या विद्येच्या नादी लागलेला ठाकुराचा मुलगा यांभोवती कथा फिरते. वीराना चित्रपटात निकिता नावाच्या चेटकिणीला ठाकूर फाशी देतो. तिचा उपासक असलेला मांत्रिक (राजेश विवेक) सूडापोटी ठाकुराच्या घरातील मुलीच्या शरीरात तिचा आत्मा घालतो. बंद दरवाजा चित्रपटातील नेवला हा काळ्या पहाडीवर राहणारा रक्तपिपासू आहे. अपत्यहीन ठकुराईण त्याच्याकडे जाते, तेव्हा मुलगा झाल्यास तिने तो ठेवावा व मुलगी झाल्यास त्याच्या स्वाधीन करावी, अशी अट तो घालतो.

या कथांतील बंडाला मर्यादा आहेत. तरुण नायक-नायिका वडिलांची आज्ञा मोडतात आणि घराण्याने दडवलेले सत्य उघड करतात. मात्र ठाकुराच्या जमीनदारी सत्तेला सहसा आव्हान दिले जात नाही. जुलमाचे सर्व गुणधर्म, म्हणजे लोकांना वेठीस धरणे, मुलींचे अपहरण व बळी, वाड्याबाहेरच्या मांत्रिकावर किंवा राक्षसावर सोपवले जातात. त्याचा अंत झाला की जुनी व्यवस्था पूर्ववत सुरू होते. बहुतेक कथांत शापाचा भार स्त्रीच्या शरीरावर, विशेषतः विवाह व मातृत्वावर पडतो.

पूर्वपरंपरा

जुलमी सत्ता आणि तिच्याविरुद्धचे बंड हा विषय भारतीय चित्रपटांत रामसे बंधूंच्या आधीपासून होता. होमी वाडिया दिग्दर्शित हंटरवाली (१९३५) या साहसपटात नाडिया हिने दुष्ट वजिराविरुद्ध वेषांतर करून लढणाऱ्या राजकन्येची भूमिका केली. प्रभात फिल्म कंपनीने पुण्याला स्थलांतर केल्यावर तयार केलेला पहिला चित्रपट अमृतमंथन (१९३४) मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत होता. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटाचे दिग्दर्शन व्ही. शांताराम यांनी केले. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा देवीपुढील बळीची प्रथा बंद करतो, म्हणून राजगुरू त्याची हत्या घडवून आणतो. ही भूमिका मराठीत केशवराव दाते यांनी, तर हिंदीत चंद्रमोहन यांनी केली. राजगुरूच्या डोळ्याचे पडदाभर दिसणारे समीपदृश्य विशेष गाजले. येथे राजा सुधारक असून खरी दहशत धर्मसत्तेची आहे. रामसे बंधूंच्या मांत्रिकांचे दृश्यरूप या राजगुरूशी मिळतेजुळते आहे. मात्र बळीप्रथा योग्य की अयोग्य, हा अमृतमंथनमधील वैचारिक वाद त्यांच्या चित्रपटांत आढळत नाही.

मराठी लोकपरंपरेत जुलमी राजाची वेगळ्या वळणाची कथाही आहे. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराज यांची समाधी आहे. त्यांच्याविषयीच्या आख्यायिकेनुसार जैत्रपाळ राजाने आपल्याला ब्रह्माचा साक्षात्कार घडवावा, असा हट्ट धरला आणि तो पुरवू न शकलेल्या साधू-ब्राह्मणांना कैदेत टाकून कष्टाला जुंपले. मुकुंदराजांनी राजाला समाधी-अवस्थेचा अनुभव दिला आणि बंदिवानांची सुटका झाली. येथेही सत्ताधीशाला अलौकिक सामर्थ्याचा सामना करावा लागतो, परंतु त्याची परिणती वधात न होता राजाच्या परिवर्तनात होते. भयपटांत अशा परिवर्तनाला वाव नसतो. दुष्ट शक्ती जाळली किंवा गाडली जाते, आणि ती पुन्हा उठण्याची शक्यता कायम राहते.

कलाकार

सामरी आणि नेवला या दोन्ही भूमिका अनिरुद्ध (अजय) अगरवाल यांनी केल्या. शिक्षणाने अभियंता असलेल्या अगरवाल यांची असामान्य उंची व चेहऱ्याची ठेवण यांमुळे त्यांना फारशा रंगभूषेची गरज भासत नसे. मराठी रंगभूमी व चित्रपटांशी संबंधित अनेक कलाकारही या चित्रपटांत दिसतात. पुराना मंदिरमध्ये सदाशिव अमरापूरकर व ललिता पवार, तर वीरानामध्ये विजयेंद्र घाटगे यांच्या भूमिका आहेत. हेमंत बिर्जे हे तहखाना व वीराना या दोन्ही चित्रपटांत होते. मुख्य कथेला समांतर विनोदी उपकथानक ठेवण्याची पद्धत होती. पुराना मंदिरमध्ये जगदीप यांनी शोलेच्या विडंबनात काम केले, तर वीरानामध्ये सतीश शाह यांनी हिचकॉक नावाच्या भयपट-दिग्दर्शकाची भूमिका केली.

प्रतिसाद

या चित्रपटांचा मुख्य आधार लहान शहरांतील चित्रपटगृहे आणि रात्रीचे खेळ हा होता. पुराना मंदिरला मोठे व्यावसायिक यश मिळाले. त्यानंतर सामरीचे पात्र घेऊन त्रिमिती तंत्रात ३डी सामरी (१९८५) हा चित्रपट काढण्यात आला. यातील अनेक चित्रपटांना ‘केवळ प्रौढांसाठी’ प्रमाणपत्र मिळाले होते. समकालीन समीक्षेने त्यांना दुय्यम दर्जाचे मानले. एकविसाव्या शतकात मात्र त्यांचा अभ्यास होऊ लागला. शाम्या दासगुप्ता यांचे ‘डोन्ट डिस्टर्ब द डेड’ (२०१७) हे पुस्तक रामसे कुटुंबाच्या वाटचालीवर आहे.

अंधश्रद्धेचा प्रश्न

नरबळी, गुप्तधन आणि मांत्रिकाची दहशत हे विषय या चित्रपटांत मनोरंजनासाठी येत असले, तरी समाजात त्यांना गंभीर वास्तव आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा प्रथांविरुद्ध कायदा व्हावा, यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, गुप्तधनाच्या शोधासाठी अमानुष कृत्ये करणे आणि एखाद्या व्यक्तीला चेटूक करणारी ठरवून तिचा छळ करणे ही कृत्ये या कायद्याने गुन्हा ठरतात. वीरानासारख्या चित्रपटात चेटकीण खरी असते आणि तिला दिलेली फाशी न्याय्य ठरते. प्रत्यक्षात चेटकीण ठरवली गेलेली व्यक्ती बहुधा निरपराध असते आणि जुलूम तिच्यावरच होतो. चित्रपटातील भय आणि समाजातील भय यांतील हा मूलभूत फरक आहे.

उत्तरकाळ

१९८०च्या दशकात व्हिडिओचा प्रसार झाला आणि पुढे उपग्रह वाहिन्या आल्या. त्यामुळे लहान चित्रपटगृहांचा प्रेक्षक घटत गेला. रामसे बंधू दूरचित्रवाणीकडे वळले. १९९३ साली झी टीव्हीवर सुरू झालेली झी हॉरर शो ही मालिका लोकप्रिय ठरली. तुलसी रामसे यांचे डिसेंबर २०१८ मध्ये, तर श्याम रामसे यांचे सप्टेंबर २०१९ मध्ये निधन झाले.

निवडक चित्रपट

• दो गज जमीन के नीचे (१९७२)
• दरवाजा (१९७८)
• और कौन (१९७९)
• गेस्ट हाउस (१९८०)
• पुराना मंदिर (१९८४)
• ३डी सामरी (१९८५)
• तहखाना (१९८६)
• डाक बंगला (१९८७)
• वीराना (१९८८)
• पुरानी हवेली (१९८९)
• बंद दरवाजा (१९९०)