समोरच्या काठावरचा प्रतिस्पर्धी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये लिहिले गेले. खेळ क्रिकेटच्या लंबगोल मैदानावरचा, एका बाजूला अठरा जण. डेन्मार्कमध्ये १९८९ साली त्याची लीग सुरू झाली, तेव्हा तो सॉकरच्या चौकोनी मैदानांत, कमी खेळाडूंत बसवावा लागला.

मैदान बदललं तरी निभावतं. प्रतिस्पर्ध्याशिवाय मात्र क्लब वाढत नाही. स्वीडनच्या हेलसिंगबोर्गमध्ये नव्वदच्या दशकात ‘सेंट्स’ हा क्लब निघाला, तेव्हा मायदेशात त्याच्याशी खेळायला कोणी नव्हतं. तो डॅनिश लीगमध्ये उतरला. हेलसिंगबोर्गसमोरची सामुद्रधुनी जेमतेम चार किलोमीटर रुंद, पलीकडे डेन्मार्क. हेलसिंगबोर्ग ज्या स्कोने प्रांतात आहे, तो १६५८पर्यंत डेन्मार्कचाच होता. या किनाऱ्यांसाठी दोन्ही देश पिढ्यान्‌पिढ्या लढले. आता त्याच पाण्यापलीकडे सामने ठरू लागले.

भाषांतर करताना मला हे वारंवार जाणवतं. परभाषेत गेलेलं पुस्तक छापलं जातं, पण तिथे त्याच्याशी भांडणारा वाचक भेटेपर्यंत ते पाहुणंच राहतं. हेलसिंगबोर्गच्या क्लबला असा भांडणारा समोरच्या काठावर भेटला.