पंखांवरील नियंत्रण पृष्ठे (प्रवासी विमाने)

प्रवासी विमानाच्या पंखाच्या पुढच्या व मागच्या काठाला आणि वरच्या बाजूला बसवलेले हलते भाग. यांच्यामुळे पंखाची उचल, म्हणजे हवेने पंखाला वर ढकलण्याचे बल, वाढवता येते, घटवता येते किंवा दोन पंखांत कमीजास्त करता येते. एलेरॉन, फ्लॅप, स्लॅट आणि स्पॉइलर हे मुख्य प्रकार होत. शेपटीवरील एलेव्हेटर व रडर यांचा विचार या नोंदीत केलेला नाही. उदाहरणांसाठी जिल्ह्याचा विमानतळ डोळ्यांपुढे ठेवला आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शिर्डी विमानतळ कोपरगाव तालुक्यात काकडी येथे असून तो १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. त्याची धावपट्टी २,५०० मीटर लांबीची आहे. तेथे एटीआर ७२ आणि बोइंग ७३७ ही विमाने आलेली असल्याने उदाहरणे मुख्यतः त्यांचीच घेतली आहेत.

तत्त्व : पंखाची उचल हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि पंखाचा आकार व त्याचा हवेशी होणारा कोन यांवर ठरते. वेग निम्मा झाला की उचल चौथ्या हिश्श्यावर येते. अकरा किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे ८३० किमी वेगाने जाणारे जेट विमान उतरताना ताशी २५० किमीच्या आसपास येते. वेग जवळजवळ एकतृतीयांश झाला, म्हणजे उचल नवव्या हिश्श्यावर आली. जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा साधारण तिप्पट दाट, एवढाच आधार. तरीही हिशेब जुळण्यासाठी त्याच पंखाकडून तिप्पट काम करून घ्यावे लागते. शिवाय पंखाने हवेवरची पकड सोडण्याच्या, म्हणजे स्टॉलच्या, वेगापेक्षा सुमारे एकचतुर्थांश जास्त वेग हाताशी ठेवूनच विमान उतरवतात. उंचावर वेगाने जाण्यासाठी घडवलेला सडपातळ पंख हे काम आहे त्या आकारात करू शकत नाही. म्हणून त्याचा आकारच बदलावा लागतो.

एलेरॉन : पंखाच्या टोकाजवळ मागच्या काठाला बिजागरीवर बसवलेली झडप. एका पंखावरची वर गेली की दुसऱ्यावरची खाली येते. खाली आलेल्या बाजूची उचल वाढून तो पंख वर जातो आणि विमान कुशीवर कलते. विमान वळते ते या कलण्यामुळे. वर जाणाऱ्या पंखावर हवेचा रोधही वाढतो, त्यामुळे नाक क्षणभर उलट्या दिशेला ओढले जाते. ही ओढ रडरने सावरतात. मोठ्या विमानांत टोकाकडचा एलेरॉन जास्त वेगात बंद ठेवतात, कारण त्याच्या जोराने पंखच पिळला जाऊन परिणाम उलटा होऊ शकतो. एटीआर ७२ मध्ये एलेरॉन केबलने थेट पायलटच्या हाताशी जोडलेले असतात.

फ्लॅप व स्लॅट : फ्लॅप पंखाच्या मागच्या काठाला, बुंध्याकडच्या भागात असतात. ते नुसते खाली झुकत नाहीत, तर रुळांवरून मागे सरकतात आणि मग झुकतात. त्यामुळे पंख रुंदही होतो आणि जास्त वाकतोही. पंख व फ्लॅप यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. पंखाखालची जोरकस हवा या फटीतून वर येते आणि फ्लॅपच्या पाठीवरून सुटू पाहणाऱ्या हवेला चिकटवून ठेवते. सगळी किमया या फटीत आहे. फटीविना फ्लॅप फार झुकवला तर हवा सुटते आणि हाती फक्त रोध राहतो. स्लॅट हेच काम पुढच्या काठाला करतात. ते पुढे व खाली सरकल्याने पंख जास्त कोन पेलू शकतो.

बोइंग ७३७-८०० मध्ये प्रत्येक पंखावर इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला चार स्लॅट, आणि इंजिन व धड यांच्यामध्ये पंखाच्या पोटातून पुढे उघडणाऱ्या दोन क्रूगर झडपा असतात. फ्लॅपच्या तरफेला १, २, ५, १०, १५, २५, ३० आणि ४० असे टप्पे आहेत. उड्डाणाला लहान टप्पा पुरतो, कारण तेव्हा उचल हवी असते, रोध नको असतो. उतरताना ३० किंवा ४० लावतात. तेव्हा रोधही उपयोगी पडतो. एटीआर ७२ चा पंख सरळ व धडाच्या वर असतो. त्याला स्लॅट नाहीत, आणि फ्लॅपचे टप्पे ०, १५ व ३० एवढेच. हे विमान मुळातच हळू उडते, त्यामुळे त्याला पंखाचा इतका कायापालट करावा लागत नाही.

शिर्डीसारख्या ठिकाणी यात उन्हाची भर पडते. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दुपारी तेथील हवा समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ असते. विमानाचा वेगमापक हवेच्या दाबावर चालत असल्याने पायलटला काट्यावर नेहमीचाच आकडा दिसतो; खरा वेग मात्र सुमारे ७ टक्क्यांनी जास्त असतो. चाके टेकताना जिरवावी लागणारी ऊर्जा त्यामुळे १५ टक्क्यांच्या आसपास वाढते. फ्लॅपचा एक टप्पा कमी लावला तर वेग आणखी वाढतो आणि धावपट्टी आणखी लागते. सर्वसाधारण ग्रंथांत एलेरॉनला पहिला मान मिळतो. जिल्ह्याच्या विमानतळाचा विचार करता तो मान फ्लॅप व स्पॉइलर यांचा आहे, आणि येथे जागाही त्या हिशेबाने दिली आहे.

स्पॉइलर : पंखाच्या पाठीवर उभ्या होणाऱ्या सपाट पट्ट्या. इतर पृष्ठे उचल घडवतात, या मोडतात. बोइंग ७३७-८०० वर अशा बारा पट्ट्या असतात. आठ हवेतही वापरता येतात, चार फक्त जमिनीवर उघडतात. उंची लवकर सोडायची असेल तेव्हा त्या दोन्ही पंखांवर थोड्या उचलतात. या वेळी विमानात जाणवणारी थरथर हा बिघाड नव्हे. वळताना खाली जाणाऱ्या पंखावरची पट्टी उघडून एलेरॉनला हात दिला जातो.

त्यांचे खरे मोल चाके टेकल्यानंतरचे. तोवर विमानाचे बरेचसे वजन पंखच पेलत असतात. चाकांवर भार नसेल तर ब्रेक पकडत नाहीत, चाके नुसती घसरतात. स्पॉइलर उभे राहताच उचल बरीचशी नाहीशी होते, वजन चाकांवर येते आणि ब्रेक लागू पडतात. पंखाच्या मागे खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला हे अगदी समोर दिसते. एटीआर ७२ मध्ये प्रत्येक पंखावर एकच स्पॉइलर असून तो फक्त कलण्यासाठी वापरतात. जमिनीवर या विमानाचा वेग पंख्याच्या पात्यांचा कोन बदलून व ब्रेकने मोडतात.

स्पॉइलर हवेत चुकून पूर्ण उघडू नयेत म्हणून विमान खरोखर टेकल्याची खात्री यंत्रणा आधी करून घेते. ही खात्रीच अडचणीची ठरल्याचे उदाहरण वॉर्सा येथील आहे. १४ सप्टेंबर १९९३ रोजी ओल्या धावपट्टीवर, पाठीमागून वारा असताना, एक एअरबस ए३२० एका बाजूच्या चाकांवर टेकले. दुसऱ्या बाजूच्या चाकांवर पुरेसा भार येईपर्यंत सुमारे नऊ सेकंद स्पॉइलर उघडले नाहीत. विमान धावपट्टीपलीकडे गेले आणि दोघांचा मृत्यू झाला.

चालना : केबल, द्रवदाब किंवा विद्युत संदेश. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए३२० पासून प्रवासी विमानांत पायलटची आज्ञा संगणकामार्फत पृष्ठांपर्यंत नेण्याची पद्धत रूढ झाली. इंडियन एअरलाइन्सने हे विमान १९८९ मध्ये घेतले.

अपघात : १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून २१३ जण मरण पावले. कप्तानासमोरचे कल दाखवणारे उपकरण बिघडले होते. रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते. विमान उजवीकडे कलले आहे असे समजून ते डावीकडे वळवत नेले गेले, आणि एलेरॉनने मिळालेली आज्ञा अखेरपर्यंत पाळली. उपकरणाच्या जबाबदारीवरून पुढे अमेरिकेत खटला झाला. तो वाद येथे घेतलेला नाही. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट येथे फ्लॅप न उघडताच उड्डाण केलेल्या विमानाच्या अपघातात १५६ जण दगावले. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉन येथे एटीआर ७२ च्या पंखावर एलेरॉनच्या पुढे बर्फाचा कणा साचला. त्यामुळे एलेरॉन आपोआप एका बाजूला ओढला गेला. विमानातील सर्व ६८ जण मरण पावले. त्यानंतर एटीआरच्या पंखावरील बर्फ फोडणाऱ्या रबरी पट्ट्या अधिक रुंद करण्यात आल्या.

इतिहास : राइट बंधू १९०३ मध्ये पंखच पिळून विमान कलवत. एलेरॉनची कल्पना बोल्टन यांच्या १८६८ च्या ब्रिटिश पेटंटमध्ये आढळते. एलेरॉन राइट यांच्या पेटंटच्या कक्षेत येतात का, यावरून राइट व कर्टिस यांच्यात दीर्घ न्यायालयीन झगडा झाला. मागे सरकणारा फ्लॅप हार्लन फाउलर यांचा, १९२४ चा.

निर्मिती : बोइंग ७७७ चे फ्लॅपेरॉन (फ्लॅप व एलेरॉन यांचे एकत्र रूप) बनवण्याचे काम हिंदुस्थान एरोनॉटिक्सने घेतले होते. अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्थेचे विमानविषयक काम मात्र इंजिनाचे आहे: ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी वँकेल प्रकारचे इंजिन तिने इतर संस्थांसह विकसित केले.