खिळ्यांची मालकी आणि अक्षरांचे कुलूप

पुण्याच्या मुद्रणव्यवसायाचा इतिहास सांगताना चित्रशाळा आणि आर्यभूषण या छापखान्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु तितक्याच आस्थेने खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, मालकीचाही विचार व्हावयास हवा, कारण ओतशाळेत दाम मोजून खिळे आणणारा छापखानदार त्या शिशाचा निर्वेध धनी होत असे, आणि उद्या दुसऱ्या ओतशाळेकडे जावयाचे तर त्यास कोणाची सनद लागत नसे.

ही वहिवाट संगणकाने मोडली. 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे कार्य केले, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही फॉन्टप्रणाली छापखान्यांतून रुजली, आणि अप्पा बळवंत चौकातील दुकानांत विकली जाणारी पुस्तके पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर जुळू लागली. रोमन लिपीसाठी घडलेल्या यंत्रावर जोडाक्षरांची देवनागरी सुबकपणे उभी करणाऱ्या या मंडळींचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र 1991 साली भारतीय लिप्यांतील अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांचे ‘इस्की’ हे मानक ठरूनही फॉन्टकर्त्यांनी अक्षरांना आपापले खासगी क्रमांक दिले. परिणामी एका फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की मराठी वाक्याच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढिगारा दिसे. काही सॉफ्टवेअरबरोबर संगणकाच्या पाठीमागे लावावयाचे बोटाएवढे ‘लॉक’ येई. ते हरवले की काम ठप्प होई.

युनिकोडने 1991 पासूनच देवनागरीस सार्वत्रिक क्रमांक दिले होते. तरीही छापखाने लगेच वळले नाहीत, यात आळस नव्हता: पेजमेकरला युनिकोड देवनागरी पेलत नसे, त्याची अखेरची आवृत्ती 2001 साली निघाली, आणि त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या नित्य आवृत्तीत भारतीय लिप्यांची सोय 2012 साली आली. शिवाय जुना ग्रंथ नव्या क्रमांकांत आणावयाचा म्हणजे रूपांतरानंतर मुद्रितशोधकाने प्रत्येक रफार आणि वेलांटी मूळ पानाशी पुन्हा ताडून पाहावयाची. हा खर्च लहान प्रकाशकास सहजी झेपणारा नव्हता.

याच पुण्यात जुन्या कागदपत्रांचे पेशवे दफ्तर आहे. त्यातील मोडी लिपी आज थोड्यांनाच वाचता येते, पण जो शिकेल त्यास ती वाचता येते. त्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नाही. आपल्या ग्रंथांच्या संगणकीय प्रतींना एवढेही स्वातंत्र्य नसावे, हे योग्य नव्हे. म्हणून प्रकाशकांना आग्रहाची विनंती आहे की, सॉफ्टवेअर कोणाचेही घ्यावे, पण करारावर सही करण्यापूर्वी आपला मजकूर त्यातून अखंड बाहेर काढता येतो की नाही, हे स्वतः काढून पाहावे.