ट्रंक कॉल ते इंटरनेट फोन : आवाजाचे पाकीट

जालन्याच्या मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला मुंबईचा भाव विचारायचा तर एके काळी ट्रंक कॉल नोंदवावा लागे : ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लाइटनिंग. जोडणी ऑपरेटर हाताने करी आणि मनात आणले तर बोलणे ऐकूही शकत असे. गुप्तता त्याच्या सचोटीवर अवलंबून होती. अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजरचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर दुसऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. १८९१ मध्ये त्याने स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळवले. आपल्याकडे एसटीडी सेवा १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली. ऑपरेटर मधून गेला, पण तारेला तार जोडून चोरून ऐकणे शक्य राहिलेच.

आता बँडविड्थकडे वळू. टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवत. आवाज अंकांत बदलायचा तर सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. इंटरनेट फोनमध्ये (भारतात मर्यादित परवानगी एप्रिल २००२ पासून) हा आवाज साधारण वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाकिटे करून जातो. पाकिटात आवाज १६० बाइट, वरचा पत्ता वगैरे ४० बाइट. सेकंदाला पन्नास पाकिटे. हे गणित वर्गात फळ्यावर मांडावे. उत्तर ८०,००० बिट येते. १९९६ च्या जी.७२९ पद्धतीने आवाज दाबला की तो २० बाइटच उरतो, पत्ता मात्र ४० चाच! पत्रापेक्षा लिफाफा जड. तरीही एकूण २४,००० बिटांत काम भागते. जोडणी मंद असेल तिथे फोनमध्ये हीच पद्धत निवडणे शहाणपणाचे.

गुप्ततेसाठी मग किती जागा लागते? पुष्कळांना वाटते, फार. २००४ साली ठरलेल्या एसआरटीपी पद्धतीत कूटबद्ध केल्याने आवाजाचा आकार वाढत नाही. पाकीट वाटेत कोणी बदलले नाही ना, हे तपासणारी दहा बाइटची मोहोर मात्र सहसा जोडतात. म्हणजे सेकंदाला अवघे ४,००० बिट जास्त. तेव्हा लाइन मंद आहे म्हणून सुरक्षा बंद ठेवण्याचे कारण आम्हांला पटत नाही.

खरी गोम किल्लीची. बऱ्याच फोनांत कूटाची किल्ली कॉल जोडणाऱ्या निरोपातूनच जाते. तो निरोप टीएलएसने झाकलेला नसेल, तर कुलपाशेजारीच किल्ली टांगल्यासारखे होते. म्हणून सेटिंगमध्ये दोन्ही निवडावी लागतात. शिवाय एसआरटीपीपुढे ‘ऐच्छिक’ आणि ‘सक्तीचे’ असे पर्याय दिसतात. ‘ऐच्छिक’ ठेवले आणि समोरच्या फोनला ही सोय नसली, तर बोलणे उघडेच जाते. ‘सक्तीचे’ ठेवले तर कॉल लागतच नाही, आणि त्यावरून निदान अडचण कळते.