पंप नवा टाकला, तरी गाडी चढावर दम सोडते? दोष वायरीत असू शकतो!

मे महिन्यातली दुपार. चाळीसगाव मागे टाकून गाडी कन्नड घाटाला लागते. सपाटीवर छान पळणारी गाडी चढ सुरू झाला की पिकअप घेत नाही, झटके मारते, एसी लावला की आणखी मरगळते. गॅरेजमध्ये निदान तयार असतं : "भाऊ, पंप गेला." नवा पंप पडतो, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं.

अशा वेळी पंपाला दोष देण्याआधी एक आकडा मोजायला हवा. इंजिन चालू असताना पंपाच्या कपलरवर प्रत्यक्षात किती व्होल्ट पोहोचतात?

व्होल्टेज ड्रॉप म्हणजे काय, हे खरं तर खानदेशात समजावून सांगायची गरज नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत डीपीपासून लांबच्या विहिरीवरची मोटर का गुरगुरते, हे शेतकऱ्याला पाठ असतं. लाइन लांब, तार बारीक, मध्ये चार कच्चे जॉइंट, म्हणजे शेवटच्या माणसाला कमी व्होल्टेज. गाडीतही हेच घडतं. बॅटरी पुढे बॉनेटखाली, पंप मागे टाकीत आणि मधल्या चार मीटरमध्ये फ्यूज, रिले, कपलर, जॉइंट.

दोन फरक मात्र लक्षात ठेवा. विहिरीवरची थ्री फेज मोटर कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढते आणि जळते, म्हणजे निदान कळतं तरी. गाडीतला पंप डीसी मोटरवर चालतो, तो गुपचूप हळू फिरतो. आणि दुसरं, ४१५ व्होल्टच्या लाइनवर १ व्होल्ट गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही. १२ व्होल्टच्या गाडीत तोच १ व्होल्ट म्हणजे ८ टक्के!

आता थोडं गणित. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या १ मीटर वायरीचा रोध साधारण ०.०१७ ओहम असतो. पंप ६ अँपिअर घेतो असं धरू. ४ मीटर लांब, ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर एका बाजूलाच सुमारे ०.५५ व्होल्ट जातात. तीच वायर २.५ ची घेतली तर फक्त ०.१६. वायर ६० अंशांपर्यंत तापली की हा ड्रॉप साधारण १५ टक्क्यांनी वाढतो, आणि जळगाव-भुसावळच्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ६० अंश ही काही मोठी गोष्ट नाही. स्वस्तातली वायर घेताना एक तार चाकूने खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, रोध साधारण दीडपट.

पण माझं मत विचाराल तर बारीक वायरीपेक्षा जास्त गाड्या जॉइंटमुळे रडतात. कार्बन आलेल्या एका जॉइंटचा रोध ०.२ ओहम जरी झाला, तरी ६ अँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच संपतात. ते जातात कुठे? उष्णतेत. ७ वॅटची ही छोटीशी शेगडी कपलरमध्ये सतत पेटलेली असते, म्हणून त्याचं प्लास्टिक आधी पिवळं, मग काळं पडतं.

हे जॉइंट येतात कुठून? बाहेरून सीएनजी किट बसवताना पेट्रोल बंद करण्यासाठी काही वेळा पंपाची वायर कापून मध्ये रिले टाकतात. चोरीविरोधी यंत्र किंवा जीपीएस लावणाराही बऱ्याचदा त्याच वायरीला हात घालतो. तारा पिळायच्या, वर काळी टेप गुंडाळायची, झालं काम! दोन उन्हाळ्यांत टेपचा डिंक वितळतो, पावसाळ्यात ओल शिरते, तांबं हिरवं पडतं.

इथे मीटर कसा फसवतो तेही बघा. पंप बंद ठेवून कपलरवर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट दिसतात आणि मेकॅनिक म्हणतो, "लाइन ओके." वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर हेच दाखवेल, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. ड्रॉप दिसतो तो फक्त भार असताना. चावी फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो, म्हणून इंजिन चालू करूनच मोजायचं. हेडलाइट, एसी, पंखा सगळं लावा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक पंपाच्या प्लस पिनवर, कपलर न काढता मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून. जे दिसेल तो प्लस बाजूचा ड्रॉप. अर्धा व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मग लाल टोक पंपाच्या अर्थ पिनवर आणि काळं बॅटरीच्या मायनसवर. इथे ०.२ च्या आत हवं. समजा बॅटरीवर १४ व्होल्ट आहेत, प्लस बाजूला ०.९ आणि अर्थ बाजूला १.५ गेले, तर पंपाला उरले ११.६. व्होल्टेज १७ टक्के घटलं, पण ३ बारच्या आसपासच्या दाबाविरुद्ध पेट्रोल ढकलायचं असल्याने पुरवठा त्याहून जास्त घटतो. घाटात, जेव्हा सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं, तेव्हाच तो कमी पडतो.

या उदाहरणात मोठा चोर अर्थ बाजूला आहे आणि नेमकं तिकडेच कुणी बघत नाही. मागची अर्थ बॉडीला जिथे कसली आहे तिथला रंग आणि गंज खरवडून लख्ख पत्रा काढा, लग नवा दाबून बसवा, घट्ट कसा आणि वरून ग्रीस लावा. बॅटरी ते बॉडी ही जाड पट्टीही तपासा. प्लस बाजूला ड्रॉप असेल तर टप्प्याटप्प्याने पुढे जा : बॅटरी ते फ्यूज, रिलेचा ३० ते ८७, ८७ ते पंप. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारेल, तिथे दोष. रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर रिले बदला, घासत बसू नका.

नवी लाइन टाकायचीच असेल तर २.५ ची ऑटो वायर, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज आणि मग रिले. जुन्या लाइनने फक्त रिलेची कॉइल चालवायची (८५ आणि ८६), पंपाचा भार नव्या लाइनवर. घरगुती वायर शक्यतो नको. तिचं पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं आणि इंजिनजवळ ते टिकत नाही. टाकीच्या आत तर साधी वायर अजिबात नको, पेट्रोलमध्ये तिचं आवरण फुगतं.

आणि एक जुगाड कधीच करू नका : बॅटरीतून थेट वायर, मध्ये एक स्विच, संपलं काम. गाडी मस्त पळते, हे खरं. पण मूळ रचनेत इंजिन बंद पडलं की ईसीयू पंपाचा रिले तोडतो. धुळे-जळगाव महामार्गावर अपघात झाला, पाइप तुटला आणि पंप मात्र स्विचवर चालूच राहिला, तर तो तापलेल्या इंजिनवर पेट्रोल फवारत राहील. म्हणून रिलेची कॉइल नेहमी ईसीयूच्याच ताब्यात ठेवा.

काही नव्या गाड्यांत पंपाचा वेग मॉड्यूल ठरवतं. तिथे मीटरवर मुद्दामच कमी व्होल्ट दिसतात, तो दोष नाही, आणि अशा गाडीत वायर कापण्याआधी कंपनीचा आराखडा बघितलेला बरा. मागची सीट उचलून काम करताना पेट्रोलचा वास येत असेल तर मीटर खाली ठेवा, दारं उघडा आणि आधी गळती शोधा. काम झाल्यावर तीच दोन मापं पुन्हा घ्या, पण सकाळच्या गारव्यात नाही. तासभर गाडी पळवून, दुपारी, इंजिन गरम असताना.