बाळंतविडा आणि पावडरीचा डबा

आपल्याकडे तान्ह्या बाळाचा पहिला मोठा प्रवास जन्माआधीच ठरलेला असतो. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सव्वा महिन्यानंतर केव्हातरी लेकरू घेऊन सासरी. या प्रवासाला लागणारं सामान विकत घ्यायची पद्धतच नव्हती. ते बाळंतविड्यातून यायचं. दुपटी, लंगोट, टोपरी, कुंची, झबली, आईसाठी डिंकाचे लाडू, आणि एका पुरचुंडीत बाळगुटीच्या वस्तू : वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, हळकुंड, खारीक, बदाम. सोबत सहाण. म्हणजे बाळाचं अख्खं मेडिकल एका गाठोड्यात!

गंमत बघा. आमचा मुलूख कपाशीचा. कारंज्याला 1886 साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कापसाचा बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला नियंत्रित बाजार मानतात. (आजचा वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998ला.) पण या कपाशीच्या मुलखातही लंगोटासाठी नवं कापड कोणी फाडत नसे. आजी सांगायची, नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं आणि ओल शोषत नाही. दहा वर्षं धुऊन मऊ झालेलं लुगडंच हवं. माझ्या आईने एकदा कापडाच्या दुकानात लंगोटाचं कापड मागितलं, तर आजी तिथेच म्हणाली, "काहून पैसे घालवतं वं बाई, घरी लुगडे नाहीत काय?"

तर लंगोट फुकट. पण प्रवासात त्यांची किंमत दुसऱ्या रीतीने चुकवावी लागे. आजी कारंज्याहून मूर्तिजापूरला यायची ती शकुंतलेने. किलिक निक्सन कंपनीची ही नॅरोगेज, कापूस वाहायला बांधलेली, यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर. 1994च्या एप्रिलपर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. ओले लंगोट खिडकीला वाळत घालावेत तर इंजिनाची काजळी बसायची, आणि पिशवीत कोंबावेत तर अख्ख्या डब्याला वास. वाटेत पाणी मिळेल तिथे हिसळून घ्यायचे. उन्हाळ्यात तेही मिळायचं नाही. त्यामुळे कितीतरी बायका लेकरू बसतं-रांगतं होईपर्यंत लग्नकार्यालाही जायच्या नाहीत. लंगोट फुकट असण्यात बाईचं धुणं आणि तिचं घरात अडकून राहणं कोणी धरलेलंच नाही, असं मला वाटतं.

विकत घ्यायची पहिली महाग वस्तू घरात आली ती दुधाच्या पावडरीचा डबा. आधी ग्लॅक्सोचा, मग 1950च्या दशकाच्या शेवटी म्हशीच्या दुधापासून केलेला अमूलचा. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र. प्रवासाला तर हा डबा फारच सोयीचा वाटायचा. गर्दीत अंगावर पाजायचा संकोच नको, आणि चारचौघांत ऐटही! पण डबा महाग, म्हणून तो पुरवून पुरवून वापरायचा. चार चमचे लागतात तिथे दोन. पाणी स्टँडवरच्या नळाचं, बाटली तशीच विसळलेली. आमच्या घरातलं एक लेकरू 1969 साली अशाच एका प्रवासानंतर हगवणीने गेलं. आजीच्या जावेचं. दृष्ट लागली म्हणाले. डब्याचं आणि पाण्याचं नाव कोणी घेतलं नाही, आणि खात्रीने सांगायला आता कोणी उरलंही नाही.

जगभर मात्र हीच गोष्ट घडत होती. 1974 साली वॉर ऑन वाँट या ब्रिटिश संस्थेने गरीब देशांतल्या बाटलीच्या दुधाबद्दल पुस्तिका काढली. 1977 साली अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला आणि 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने विक्रीचे नियम ठरवले. आपल्याकडे कायदा झाला 1992 साली आणि 2003 साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डब्याबंद आहाराची जाहिरात बंद, मोफत नमुने आणि भेटवस्तू बंद, डब्यावरचं ते गुटगुटीत बाळही बंद. आज मेडिकलमध्ये साबणावर, तेलावर 'एकावर एक फ्री' असतं, पावडरीवर नसतं, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

डायपर त्यामानाने अगदी अलीकडचे. पॅम्पर्स भारतात आलं 2006 साली. आता आमच्या तालुक्याच्या किराणा दुकानातही ते शांपूच्या पुडीसारखे सुटे टांगलेले असतात. भाची अडीच महिन्यांच्या लेकीला घेऊन वाशिमहून पुण्याला निघाली तेव्हा ती डायपर मोजून आणि पावडरीचा मोठा डबा न मोजता घेत होती! 17 मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, लेकरू फुकट, म्हणजे खर्च तो पिशवीचाच. मी म्हटलं, उलट कर. रात्रभराच्या गाडीला सहा डायपर घे, खुशाल घे. घरी लुगड्याचे लंगोट आहेतच. तुला दूध येतंय, डॉक्टरांनी डबा सांगितलेला नाही, तर बाटली, ब्रश, उकळलेल्या पाण्याचा थर्मास हे सगळं कशाला वाहायचं? ती म्हणाली, "मावशी, पण गर्दीत पाजायचं कुठं?"

प्रश्न खरा होता. मोठ्या स्टँडांवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी असते. आम्ही ज्या स्टँडवर उतरलो तिथल्या पाटीखाली कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मी आणि शेजारच्या बाकावरच्या एका काकू तिच्यापुढे लुगडं धरून उभ्या राहिलो. पंधरा मिनिटं, दोन गाड्या सुटेपर्यंत.

22 सप्टेंबर 2025पासून डायपर आणि दुधाच्या बाटल्या दोन्हींवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. डायपरचं मला बरं वाटलं.

असो. तुमच्या घरी बाळंतविड्यात काय काय असायचं? विशेषतः रिसोड-मालेगावकडच्या आत्या-मावश्यांनी जरूर कळवा. बाळगुटीच्या यादीत आमच्याकडे सागरगोटा होता की नव्हता, यावरून घरात अजून दोन तट आहेत.